साल २०६८ मध्ये जन्मलेला पिव्हट : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

साहेब, सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे रोज पत्रांचा ढीग येत असणार आणि त्यातली निम्मी तरी क्रीडा संकुलाच्या निधीसाठी असणार. हे पत्र निधीसाठी नाही. एका पोराच्या जन्मतारखेसाठी आहे.

मी पुण्यात एका खासगी कंपनीत हिशेब बघतो. तरुणपणी हँडबॉल खेळायचो. गुडघा गेला आणि खेळ सुटला. गेली नऊ वर्षं संध्याकाळी साडेसहा ते आठ एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर मुलांना फुटसाल, म्हणजे पाच-पाच जणांचा छोट्या कोर्टवरचा फुटबॉल, शिकवतो. हँडबॉलवाला फुटसालकडे कसा वळला, असं सगळेच विचारतात. उत्तर सोपं आहे, कोर्ट तेच. चाळीस बाय वीस मीटर, गोलपोस्ट तीन बाय दोन. शाळेत हँडबॉलच्या रेषा आखलेल्याच होत्या, पोरांना मात्र फुटबॉल हवा होता. दोघांचंही भागलं.

टर्फवर पैसे भरून जाळीत खेळतात ते फुटसाल नव्हे, हे आपल्याला माहीत असेलच, तरी सांगतो. फुटसालचा बॉल चार नंबरचा, वजनाला जड आणि फारसा न उसळणारा. टणक जमीन, बाजूला भिंत नाही की जाळी नाही, बॉल रेषेबाहेर गेला की गेला. तो परत खेळात आणायला चार सेकंद मिळतात. सामन्याच्या एका हाफमध्ये संघाचा सहावा फाउल झाला की समोरच्याला दहा मीटरवरून मोकळा फटका, मध्ये कुणी आडवं उभं राहायचं नाही. एवढ्याशा जागेत दहा जण. त्यामुळे बॉल लाथाडणाऱ्यापेक्षा तळव्याखाली धरणाऱ्याला इथे किंमत. या खेळाला मोठं मैदान, हिरवळ किंवा महागडे बूट लागत नाहीत. म्हणून जगभर हा गरिबाघरच्या पोरांचा खेळ झाला. आपल्याकडे मात्र तासाला हजार-बाराशे मोजणाऱ्यांचा झालाय, पण तो विषय वेगळा.

आता एका माणसाबद्दल सांगतो. त्याचं नाव ‘इझाकेल गोमिश ते’. खेळात त्याला झिकी म्हणतात. जन्म १ सप्टेंबर २००१ चा, पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊची राजधानी बिसाऊ इथला. हा देश एकेकाळी पोर्तुगालच्या ताब्यात होता, आपल्या गोव्यासारखाच. काजू हे त्यांचं मुख्य पीक, आणि तिथला कच्चा काजू मोठ्या प्रमाणावर भारतात फोडायला येतो. (आपल्या कोकणातल्या कारखान्यांतही आफ्रिकेचा काजू असतो. काजूला कुणी रहिवासी दाखला मागत नाही.) झिकी लहानपणीच पोर्तुगालला आला, तिथेच वाढला, लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबमध्ये खेळू लागला. २०२१ च्या वसंतात क्रोएशियातल्या झादारमध्ये स्पोर्टिंगने बार्सिलोनाला ४-३ ने हरवून युरोपचं क्लब विजेतेपद मिळवलं, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि त्या संघात होता. त्याच सप्टेंबरात लिथुआनियाला वर्ल्ड कप सुरू झाला तेव्हा विशी नुकतीच लागलेली. काउनासमध्ये अंतिम सामन्यात पोर्तुगालने अर्जेंटिनाला २-१ ने हरवलं, पहिल्यांदाच जगज्जेते झाले. दोन्ही गोल केले पानी वरेलाने, तोही आफ्रिकेतल्याच केप व्हर्दे या बेटांच्या देशात जन्मलेला. चार महिन्यांनी ॲमस्टरडॅमला युरोपियन स्पर्धा. उपांत्य सामन्यात स्पेनविरुद्ध ०-२ वरून ३-२, अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध पुन्हा ०-२ वरून ४-२. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू झिकी.

तो पिव्हट आहे. म्हणजे गोलकडे पाठ करून पुढे उभा राहणारा. मागून बचाव करणारा अंगावर रेलतो, बॉल येतो, हा तळव्याने तो स्वतःकडे ओढतो, खांदा एका बाजूला टाकतो आणि वळतो दुसऱ्याच बाजूला. लिहायला चार शब्द, शिकवायला चार वर्षं.

माझ्याकडे एक मुलगा आहे, त्याला हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

त्याचं नाव लिहीत नाही. वडील आमच्या भागातल्या एका सोसायटीत वॉचमन आहेत, मूळ गाव नेपाळच्या पश्चिमेला, अछाम जिल्ह्यात. तिकडची माणसं पोटासाठी मुंबई-पुण्याला येतात ही काही आजकालची गोष्ट नाही. पोरगा चार वर्षांचा असताना आईबरोबर इथे आला. घर म्हणजे पंपरूमला लागून असलेली एक खोली. वडिलांना सोसायटीतली निम्मी माणसं अजून ‘बहादूर’ म्हणतात, ते त्यांचं नाव नाही. पोरगा महापालिकेच्या मराठी शाळेत पहिलीपासून. मराठी माझ्यापेक्षा सफाईदार बोलतो, शिव्यांसकट.

तो खेळला कुठे, तर सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये. गुळगुळीत सिमेंट, दर काही फुटांवर खांब, दोन्ही बाजूंना लोकांच्या गाड्या. बॉल जरा जोरात गेला की एखाद्या गाडीचा अलार्म वाजणार, कमिटीवाले खाली येणार आणि बोलणी बापाला बसणार. म्हणून पोराने बॉल जोरात मारणंच सोडून दिलं. तळव्याखाली धरायचा, ओढायचा, खांबाला पाठ लावायची, वळायचं. पहिल्यांदा कोर्टवर आला तेव्हा मी मागे एक दांडगा पोरगा उभा केला आणि बॉल दिला. त्याने खांबाला फिरावं तसा त्या पोराला वळसा घातला. मी शिट्टी तोंडात धरून नुसता उभा राहिलो.

झिकीचे व्हिडिओ मी त्याला नंतर दाखवले. मोबाइल हातात घेऊन तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “सर, हा पण पार्किंगमध्येच शिकला असणार.”

२०२४ च्या पावसाळ्यात चौदा वर्षांखालच्या संघाची निवड चाचणी होती. कुणाची, ते लिहीत नाही. मला कुणावर बोट ठेवायचं नाही, आणि असंच टेबल दुसरीकडे कुठेही असू शकलं असतं. आम्ही फाइल घेऊन गेलो. शाळेचं बोनाफाईड, फोटो आणि जन्म दर्ता प्रमाणपत्र. नेपाळमध्ये जन्माच्या दाखल्याला असं म्हणतात. कागद देवनागरीत, अक्षर सुवाच्य. टेबलावरच्या गृहस्थांनी चष्मा वर केला, कागद वाचला आणि हसले. तारखेपुढे साल होतं २०६८.

“हा तर अजून चव्वेचाळीस वर्षांनी जन्मणारे,” ते म्हणाले. शेजारचेही हसले. पोरगाही हसला, कारण सगळे हसत होते.

मी सांगितलं की हे विक्रम संवत आहे, नेपाळात सरकारी कामाला तेच चालतं, सत्तावन्न वजा करा म्हणजे २०११ येईल. साहेब, दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी चोपडी पूजतात तेही विक्रम संवताचंच नवं वर्ष. काही उपऱ्या ग्रहावरचं साल नाही. वजाबाकी पटली, पण तिचा उपयोग झाला नाही. “म्हणजे हा परदेशी.” मग आधार कार्ड नाही का, रहिवासी दाखला नाही का. रहिवासी दाखल्याला पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. पोरगा तेरा वर्षांचा. पुण्यातच जन्मला असता तरी त्याची दोन वर्षं कमी पडली असती. हे मी मोठ्याने म्हणालो, तेवढ्यात मागच्या रांगेतून पुढचा नंबर पुकारला गेला.

त्या दिवशी त्याने चाचणी दिली नाही. बरोबर आलेल्या दोघांनी दिली, त्यातला एक निवडला गेला. चांगला खेळतो. पण सरावात आजवर एकदाही या पोराकडून त्याला बॉल काढून घेता आलेला नाही.

घरी येऊन मी नियम वाचत बसलो. हिशेबनिसाला तेवढंच येतं.

शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १४ : वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. म्हणूनच हा पहिलीत बसू शकला. १९५० चा भारत-नेपाळ करार, कलम ७ : दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहणं, मालमत्ता घेणं, व्यापार करणं, येणंजाणं यांत स्वतःच्या माणसांसारखीच वागणूक. म्हणूनच बाप रात्री आपल्या गाड्या राखतो. फिफा, म्हणजे फुटबॉलची जागतिक संघटना, अठरा वर्षांखालच्या मुलांना खेळासाठी एका देशातून दुसऱ्या देशात नेऊ देत नाही. दलाल पोरं पळवतात म्हणून हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण आईबापाने खेळाशी संबंध नसलेल्या कारणाने घर हलवलं असेल तर त्यातही सूट आहे. वॉचमनची नोकरी हे खेळाशी संबंध नसलेलं कारण असावं, असं मला वाटतं. आणि राष्ट्रीय संघासाठी नवं नागरिकत्व घेतलेल्या खेळाडूला त्या देशात पाच वर्षं राहिल्याची अट आहे, पण २०२० मध्ये बदललेल्या नियमांनुसार दहा वर्षांच्या आत आलेल्याला तीनच वर्षं पुरतात. लहानपणी आलेलं पोर आणि मोठेपणी आणलेला खेळाडू यांत फरक असतो, हे झुरिकला बसलेल्या फिफावाल्यांना कळलं.

आता गैरसमज नको. भारताच्या संघासाठी भारतीय पासपोर्टच लागतो, तो नियम दिल्लीचा. त्याबद्दल मी काहीच मागत नाही. आपल्याच पुणे एफसीकडून खेळणाऱ्या अराता इझुमीने जपानचं नागरिकत्व सोडलं, भारतीय झाला आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. त्याचे वडील भारतीय, तो सज्ञान, निर्णय त्याचा. माझ्या पोराला नागरिकत्वाचा साधा अर्ज करायचा तरी आधी सज्ञान व्हावं लागेल. तोपर्यंत त्याने काय करायचं? झिकीने एकोणीस वर्षांचा असताना क्लबबरोबर युरोप जिंकला होता.

मी मागतोय ते जिल्ह्यापुरतं आणि राज्यापुरतं. अठरा वर्षांखालच्या मुलाला तो ज्या शाळेत शिकतो त्या जिल्ह्याचा खेळाडू धरा. शाळेच्या जनरल रजिस्टरला जी जन्मतारीख आहे ती ग्राह्य धरा. एक शासन निर्णय, दीड पानाचा. नेपाळच्या पोरांपुरताही नको. आमच्या कोर्टवर बीडहून उसाच्या टोळीबरोबर फिरलेला एक मुलगा येतो, त्याच्या जन्माची नोंद ज्या गावात व्हायला हवी होती तिथे झालीच नाही, कारण आई त्या महिन्यात दुसऱ्याच जिल्ह्यात फडावर होती. विजापूरकडच्या बिगाऱ्यांची दोन पोरं आहेत. ती भारतीयच आहेत, तरी टेबलावर त्यांची गत याच्यासारखीच. जिल्हा खेळला तर राज्य खेळेल, राज्य खेळला तर दहावीला वाढीव गुण मिळतील. या पोरांना त्या गुणांचं मोल आपल्या-माझ्या पोरांहून जास्त आहे.

आपले अधिकारी सांगतील की कागद सैल केले की वयचोरी वाढेल. खोटं नाही. चौदा वर्षांखालच्या सामन्यात दाढी करून आलेला गोलकीपर मी स्वतः पाहिलाय, आणि त्याचे कागद मात्र अगदी चोख होते. पहिलीला नाव घातलेलं रजिस्टर कुणी आठ वर्षं आधी निवड चाचणीसाठी खोटं करून ठेवत नाही. शंका आलीच तर हाडांची तपासणी आहे, ती करा. माझं पोर मनगट पुढे करून उभं राहील.

दुसरं म्हणतील की बाहेरची पोरं आमच्या पोरांच्या जागा खातील. हे वाक्य पोर्तुगालमध्येही म्हणणारे असतीलच. माणसं तिथलीही माणसंच. आणि मला झिकीचं उदाहरण देताना थोडं अवघडल्यासारखंही होतं. त्याने करंडक आणला म्हणून तो उठून दिसतो. त्याच्याबरोबर सरावाला येणारी, काहीच न जिंकलेली पोरंही असणारच. माझा हा पोरगा उद्या कदाचित काहीच जिंकणार नाही. पिव्हट म्हणून उंचीला कमी पडतोय, डावा पाय अजून कच्चा आहे. तरी चाचणी द्यायचा त्याचा हक्क त्यामुळे कमी होत नाही.

आता त्याला चौदा पूर्ण झाली. तो गट गेलाच. पुढची चाचणी सतरा वर्षांखालची. मध्यंतरी वर्षभर तो खेळायला कमी आणि कामाला जास्त यायचा. चुन्याने रेषा मारायच्या, बिब गोळा करायचे, लहान गटाच्या सामन्यात गुण लिहायचे. मी हटकलं तर म्हणाला, “याला कागद लागत नाही ना सर.” परवापासून पुन्हा खेळतोय. कारण विचारलं नाही.

आपण पुण्यात आलात तर सोमवार ते शनिवार साडेसहानंतर कधीही कोर्टवर या. चहा टपरीवरचा मिळेल.

आपला,
एक फुटसाल प्रशिक्षक, पुणे

सोबत :
१. शाळेचं बोनाफाईड, झेरॉक्स (नाव झाकून).
२. जन्म दर्ता प्रमाणपत्र, झेरॉक्स (नाव झाकून). सालाच्या शेजारी वजाबाकी पेन्सिलने करून ठेवली आहे.