शैले, अक्का ‘असू दे’ म्हणेल

सांगली,
गुरुवार, रात्र

प्रिय शैले,

तुझे फोन मी उचलले नाहीत, दिवाळीला नुसता पणतीचा फोटो पाठवला. रागावली असशील तर राग ठेव, पण पत्र पुरतं वाच. इथं सगळे बरे. माझं बीपी गोळीवर, आईचा गुडघा आहे तसाच.

विषय अक्काच्या वस्तीचा आहे. घरकुलाची फाईल मी करतेय हे अक्कानं सांगितलं असेलच, आणि वंदी फी घेत नाही असंही सांगितलं असेल. खोटं आहे. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा नेमानं येतो, वर ‘वाळलीस गं’ असा शेराही मिळतो.

दोन्ही गल्ल्यांची मिळून एकच फाईल केली. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला आवास योजनेत केंद्राचे दीड आणि राज्याचा एक, असे अडीच लाख मिळतात. पाया झाला, फोटो, जोतं झालं, फोटो, तसतसे हप्ते. अडतं ते ‘स्वतःच्या जागेवर’. सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाच्या वारसांची नावं, आणि आपल्या लोकांकडं नोटरीसमोर केलेली साठेखतं, म्हणजे पुढं विकू असे नुसते करार, नि घरपट्टीच्या पावत्या. अक्काचं १९९४ चं साठेखत उघडलं तर चतुःसीमेत ‘पश्चिमेस मालकाच्या म्हशींचा गोठा’! म्हशी गेल्या, गोठा गेला, मालकही गेले. अक्काची पश्चिम हद्द मात्र अजून त्या गोठ्याला टेकून उभी आहे.

साठेखतानं मालकी येते का, हे सरांनी तुला वर्गात उभं करून विचारलं होतं आणि तू ठणकावून ‘येते’ म्हणाली होतीस. आठवतंय? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ वर तुझ्यामुळं सगळ्या वर्गाला तासभर ऐकावं लागलं. अक्काचा कागद त्या कायद्याच्या २००१ च्या दुरुस्तीआधीचा, म्हणून नोंदणी नसली तरी कलम ५३-अ खाली तिचा ताबा मला राखता येईल. उद्या वारस उठवायला आले तर मी उभी राहीनच. पण उठवता येत नाही म्हणजे नावावर झालं असं नाही, आणि महापालिकेला नाव लागतं.

म्हणून गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीविना पाडलेले छोटे प्लॉट नियमित करून घ्यायचा रस्ता धरला. २००१ च्या कायद्यात आधी १ जानेवारी २००१ पर्यंतचेच प्लॉट बसत होते, २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. विकास शुल्क नि दंडासारखं प्रशमन शुल्क भरायचं, प्लॉट नियमित करून घ्यायचे आणि वारसांकडून खरेदीखतं नोंदवून घ्यायची. वारस दोघे, एक मिरजेत, एक पुण्यात, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मला वाटलं इथंच गाडं अडणार. पण जागा दुसऱ्याच्या घशात जाऊ नये म्हणून दोघंही आपल्या लोकांना सही द्यायला एका पायावर तयार! भाऊबंदकीचा असा उपयोग मी इतक्या वर्षांच्या वकिलीत पाहिला नव्हता.

मग मोजणीच्या नकाशावर पूररेषा पडली.

निळी रेषा नेहमीच्या पुराची, लाल त्याहून मोठ्या पुराची. मागची गल्ली, अक्काचं घर धरून चौदा घरं, निळ्या रेषेच्या आत. पुढची गल्ली निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये. तिथं जोतं लाल रेषेच्या पातळीहून ४५ सेंटिमीटर वर घेतलं तर परवानगी मिळते. म्हणजे खाली खांबच खांब. बापूकाकांनी तिथं शेळ्या बांधायचं ठरवूनही टाकलंय. निळीच्या आत मात्र नवं घर नाही. जुनं घर अधिकृत असेल तर पाडून उंच बांधायची सोय नियमात आहे. अधिकृत असेल तर! आम्ही दारात आलो ते अधिकृत करा म्हणून, आणि दार उघडतं ते आधीच अधिकृत असलेल्यांना. अभियंता सज्जन माणूस आहे. नकाशा माझ्याकडं सरकवून म्हणाला, “मॅडम, पुढची गल्ली वेगळी करून द्या, माझ्याकडून लगेच पुढं जाईल.”

तू आता हसत असशील. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. छावणीत अक्काच्या उशाशी बसून तू म्हणालीस, ही वस्ती इथून हलवलीच पाहिजे. मी तुला ‘नाशिकची पाहुणी’ म्हणाले आणि २०२१ चं पाणी येईपर्यंत आपण बोललो नाही. पाहुणी हा शब्द मागं घेते. मुद्दा मागं घेत नाही. हलवा म्हणजे कुठं? कुपवाडच्या टोकाला, चौथ्या मजल्यावर? मार्केट यार्डात हळद निवडायला जाणारीनं रोजच्या मजुरीतून रिक्षाला किती द्यायचे? बिल्डिंगमधल्या घरकुलात लाभार्थ्याला स्वतःचे काही लाख घालावे लागतात, त्याला कर्ज, कर्जाला पगाराची स्लिप. चार घरची धुणीभांडी करणारीला स्लिप कोण देणार, तिच्या मालकिणी? पाणी वाईटच गं. पण पाणी कधीतरी येतं आणि भाडं दर महिन्याला येतं.

असो. आपलं हे भांडण म्हातारपणी पुरायला हवं.

खरी गोष्ट पुढं आहे. परवा रात्री बापूकाका ऑफिसात आले, सोबत पुढच्या गल्लीतले दोघे. दार लोटून घेतलं. म्हणाले, “वकीलबाई, आमची फाईल वेगळी घाला. मागच्यांना इतक्यात कळवू नका, मंजुरी आली की आम्हीच सांगू.” वाईट माणसं नाहीत ती. दोन पुरांत भिंती गेल्यात, सून बाळंतपणाला आलीय, वर पत्रा. मी म्हणाले, वकीलपत्र दोन्ही गल्ल्यांचं आहे. एकाचं गुपित दुसऱ्यापासून मला ठेवता येत नाही. रविवारी चारला मारुतीच्या देवळात बैठक, तिथं नकाशा सगळ्यांपुढं ठेवणार. गप्प उठून गेले.

भांडण होईल याची भीती मला नाही. मागच्या गल्लीनं कचकचून भांडावं, असंच वाटतं. भीती अक्काची आहे. ती उठेल, पदर सारखा करेल आणि म्हणेल, “असू दे. पुढच्यांचं होऊ दे आधी.” पाटल्यांच्या वेळी असू दे, सुरेशच्या वेळी असू दे. तिनं म्हटलं की बाकीची तेरा घरं मान डोलावणार. आणि एकदा फाईल फुटली की चौदा घरांकरता नगरसेवक कशाला जिना चढेल? आज दोन्ही गल्ल्या मिळून मतं आहेत, म्हणून तरी आम्हाला खुर्ची देतात. एकत्र राहून ‘पुढच्यांना मंजुरी द्या आणि मागच्यांना याच वॉर्डात जागा दाखवा’ असं मागता येईल. त्यात एखादं वर्ष जाईल, कदाचित जास्त. बापूकाकांच्या सुनेला हे वर्ष मी कोणत्या तोंडानं मागू?

फाईल फुटलीच तर दोघांचंही वकीलपत्र ठेवता येणार नाही. मी मागच्यांबरोबर राहीन म्हणते. पुढच्यांची फाईल आता कुणीही वकील करेल, अवघड काही उरलं नाही. फी देणारी गल्ली मात्र तीच आहे. म्हणजे मला जन्मभर चटणीच.

हे इथं कुणाला सांगू? ऑफिसात सांगितलं तर म्हणतात, क्लायंटला मावशी मानून एवढं मनाला लावून घेऊ नका. तुला अक्काचं ‘असू दे’ माहीत आहे, त्यापुढं आपलं काही चालत नाही हेही.

तेव्हा शनिवारी रात्री अक्काला फोन कर. फाईलचं काही बोलू नकोस, ते मी आधी बोलले तर एका गल्लीला पढवलं असं होईल. फक्त तिला बोलतं कर. तिला स्वतःला काय हवंय हे तिला एकदा तरी कुणी विचारू दे. माझ्यापुढं ती माझीच काळजी करत बसते.

सोनूची बारावी कशी चाललीय? त्याला वकिलीला घालू नको. बदलीचं काय झालं? नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला म्हणून पेढे पाठवलेस, मिळाले, छान होते. भोगवटा प्रमाणपत्र आलंय का ते आधी विचार, आणि सोसायटी झाल्यावर कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायला, बिल्डरच्या मागं लाग. नाहीतर दहा वर्षांनी तुझीही फाईल माझ्याच टेबलावर यायची, आणि तुझ्या हातची चटणी मी खाल्लेली आहे.

तुझी,
वंदी