आबांना शेफील्डहून पत्र

शेफील्ड

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर म्हणालात, "लढायला नाही म्हणतो तो पळपुटाच." सगळी नोकरी महूच्या छावणीत काढलेल्या माणसापुढे माझी जीभ रेटली नाही. म्हणून लिहिते आहे.

दुसऱ्या महायुद्धात इथे ब्रिटनमध्ये सुमारे ६०,००० जणांनी 'माणूस मारणं मनाला पटत नाही' म्हणून नाव नोंदवलं. पंचांपुढे उभं राहून कारणं द्यावी लागत. पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांतले काही आमच्या या गावात आपणहून आले, स्वतःचं शरीर प्रयोगाला द्यायला!

फौजेत तेव्हा खरजेने कहर केला होता. ती कशी पसरते ते शोधायला केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने १९४० च्या अखेरीस एका बंगल्यात बारा जण ठेवले. खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले आतले कपडे ते अंगात घालत, त्यांच्याच घोंगड्यांत उघड्या अंगाने झोपत. तरी बरेच दिवस कुणाला काही होईना. पुढे झाली, तेव्हा औषध न लावता महिनोन्‌महिने खाज सोसली. छोटूला खरूज झाली होती ते आठवतं ना? रामबागेतल्या घरात तो रात्रभर बोटांच्या बेचक्या ओरबाडायचा आणि आजी करंजाचं तेल चोळत बसायची. तसल्या रात्री या लोकांनी मागून घेतल्या. त्यातूनच कळलं, की खरूज मुख्यतः अंगाला अंग लागून पसरते, अंथरुणातून फारशी नाही. आजीला हे जरूर सांगा, तिने तेव्हा घरातली प्रत्येक गोधडी उकळली होती.

१९४४ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ हॅन्स क्रेब्स यांच्याबरोबर 'क' जीवनसत्त्वाचा प्रयोग झाला. वीस जण होते. त्यांतल्या दहा जणांना ते जीवनसत्त्व महिनोन्‌महिने अजिबात दिलं नाही. त्यांच्या हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागलं. जखम भरते का ते पाहायला डॉक्टरांनी मांडीवर मुद्दाम चीर दिली. ती भरेना. तरी ते प्रयोगातून हटले नाहीत. आमच्या वॉर्डात न भरणारी जखम बांधताना मला ती माणसं आठवतात.

आबा, एकाहत्तरची तुमची जखम मी लहानपणी बोट फिरवून पाहिली आहे. तिचं मोल मला ठाऊक आहे, म्हणूनच हे सगळं तुम्हालाच लिहावंसं वाटलं. रविवारी फोन करते. यांना काय म्हणायचं, ते तेव्हा तुम्ही सांगा.

आजीला नमस्कार.

तुमची नात,
सई