आधी घोड्याला वेळ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला घोडेस्वारीच्या छंदावरचा लेख फलटणच्या माझ्या भाच्याने मला इथे टेक्सासमध्ये पाठवला. सोबत एकच ओळ होती : "मावशी, माझ्या घोड्यावर काउबॉयचं खोगीर टाकू का?" त्याचा घोडा इंग्लिश पद्धतीने तयार झालेला आहे. लेखात म्हटलं होतं की वेस्टर्न, म्हणजे काउबॉयचं, खोगीर आरामखुर्चीसारखं असतं आणि कुठलाही घोडा आठवड्याभरात त्याला सरावतो. आरामाचं म्हणाल तर ते खरं आहे. आठवड्याच्या गोष्टीवर मात्र मीही एकदा विश्वास ठेवला होता आणि त्यात एका गुणी जनावराचं तोंड दुखावलं. म्हणून हे पत्र.

माझा घोडा मेजर. थरोब्रेड या शर्यतीच्या जातीचा, सोळा हात (घोड्याच्या मापात एक हात म्हणजे चार इंच) उंच. मी घेतला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्यातली आठ वर्षं त्याने अडथळ्यांवरून उड्या मारण्यात घालवली होती. पुढच्या उजव्या पायाच्या सांध्यात दुखणं निघालं तेव्हा पशुवैद्य म्हणाले, उड्या बंद, पण चालणं आणि हलकी दुडकी चालेल. आम्ही राहतो तो डेंटनचा भाग घोड्यांचाच. आजूबाजूला बहुतेक क्वार्टर हॉर्स या अमेरिकी जातीचे घोडे आणि वेस्टर्न खोगिरं. डेकाटूरच्या उत्तरेला लिंडन जॉन्सन यांच्या नावाचं मोठं सरकारी गवताळ रान आहे, तिथे चार-चार तास घोड्यावरून हिंडता येतं. माझी पाठही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. दोघांनाही झेपेल अशी स्वारी हवी होती, म्हणून वेस्टर्नकडे वळायचं ठरवलं.

जवळच्या एका तबेल्यातल्या शिक्षकाने तिसऱ्याच दिवशी मेजरच्या तोंडात लांब दांड्यांचं कर्ब बिट (लगाम जोडलेली तोंडातली लोखंडी कडी) घातलं. मी सवयीने दोन्ही हातांत लगाम धरून त्याला थांबवायला गेले. त्याने तोंड वासलं, मान वर झटकली आणि पुढचे दोन्ही पाय उचलले. मी पडले नाही, पण उतरल्यावर त्याचा ओठ वर करून पाहिला तर दात नसलेल्या हिरडीवर शेंगदाण्याएवढा लाल चट्टा उठला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याची चूक नव्हती. इंग्लिश पद्धतीत लगाम दोन्ही हातांत आणि कायम हलका ताणलेला असतो. पायाने घोड्याला पुढे सारायचं आणि हाताने त्याला अलगद झेलायचं. लगाम ताणलेला आहे म्हणजे स्वार आपल्यासोबत आहे, हे मेजरने आठ वर्षांत पक्कं ओळखलेलं. वेस्टर्नमध्ये लगाम सैल लोंबतो, एका हातात असतो, आणि काही सांगायचं असेल तेव्हाच तोंडाला कळतो. म्हणून मी हात सैल सोडला की मेजरला वाटे, बाईंनी मला वाऱ्यावर सोडलं, आणि तो माझा हात शोधत आणखी जोरात पळे. मी घाबरून लगाम आवळला की तो जुन्या सवयीने त्याच्यावर रेलून पुढे जाई. मधे सांधा असलेल्या, बिनदांड्यांच्या साध्या स्नॅफल बिटमध्ये एवढं निभावून जातं. कर्बमध्ये नाही. त्याच्या दांड्या तरफेसारख्या चालतात, हाताचा ओढा कितीतरी पट होऊन तोंडात पोचतो आणि शिवाय हनुवटीखालची साखळी आवळते.

पुढे मला एक सत्तरीच्या बाई भेटल्या. सगळं आयुष्य गुरांच्या रँचवर काढलेल्या. त्यांनी आधी कर्ब काढून मेजरचं जुनं स्नॅफल परत घातलं. खोगीरही दोन महिने इंग्लिशच ठेवलं. "सगळं एकदम नवीन नको, त्याच्या ओळखीचं काहीतरी राहू दे," असं त्यांचं म्हणणं. पहिला धडा फक्त थांबण्याचा. श्वास सोडायचा, मांड जड करायची, 'व्हो' म्हणायचं, आणि तरीही नाहीच थांबला तर बोटं मिटायची. थांबला की त्याच क्षणी बोटं उघडायची. हे उघडणं म्हणजेच त्याचं बक्षीस. तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी मी नुसता श्वास सोडला आणि मेजर थांबला. एक कान माझ्याकडे वळवून तो जीभ ओठांवरून फिरवत उभा राहिला. लगामाला हातही लागला नव्हता. तो क्षण मी विसरणार नाही.

मग लगाम दर आठवड्याला थोडाथोडा लांब होत गेला. मानेवरचा लगाम त्यानंतर. डावीकडे वळायचं तर आधी उजवा लगाम मानेला टेकवायचा, एक पाऊल वाट पाहायची, मग उजवा पाय लावायचा आणि लागलाच तर डाव्या लगामाने मदत करायची. रोज त्याच क्रमाने. काही महिन्यांत डावी मदत लागेनाशी होते आणि तेव्हाच दोन्ही लगाम एका हातात येतात. बसून काढायची सावकाश दुडकी त्याला लवकर जमली.

खोगिराबद्दल जरा विस्ताराने लिहिते, कारण लेखात भर त्यावरच होता. माझं इंग्लिश खोगीर आठ किलोचं, हे सोळा किलोचं. त्याचा आतला सांगाडा लांब असल्यामुळे वजन जास्त जागेवर पसरतं हे खरं, पण तो त्या पाठीला बसला तरच. थरोब्रेडचा खांद्यामागचा उंचवटा वर आलेला आणि पाठ अरुंद, क्वार्टर हॉर्स रुंद. मी शेजाऱ्यांचं क्वार्टर हॉर्सचं खोगीर उसनं आणलं आणि ते पुढून थेट त्या उंचवट्यावर टेकलं. खाली जाड नमदा (खोगिराखालची गादी) असल्याने मला दोन आठवडे कळलंच नाही. आज मेजरच्या बदामी अंगावर तिथे रुपयाएवढे पांढरे केस आहेत. दाबाने कातडी दुखावली की तिथे केस असेच पांढरे उगवतात.

आणि आवाज! रुंद चामडी पट्टे करकरतात, जड रिकिबी पोटावर आपटतात. बाईंनी आधी रिकिबी बांधून मेजरला नुसतं हातात धरून फिरवलं, मग सोडून फिरवलं, तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, एकेक भोक आवळत नेला. स्वार वर बसला तो चौथ्या दिवशी.

इथल्या क्वार्टर हॉर्स संघटनेच्या स्पर्धांतही पाच वर्षांपर्यंतच्या घोड्याला स्नॅफलमध्ये दोन्ही हातांनी चालवायची मुभा आहे. एक हात आणि कर्ब साधारण त्यापुढे. जुने मेक्सिकन व्हाकेरो, म्हणजे घोडेस्वार गुराखी, तर घोड्याला आधी बिटाशिवाय, नाकावरच्या दोरीने चालवत आणि पुऱ्या बिटापर्यंत आणायला कित्येक वर्षं घेत. ज्यांची ही विद्या, तेच घाई करत नाहीत.

एका हाताने घोडा वळवणं आपल्यालाही परकं नाही. आपले शिलेदार-बारगीर उजव्या हातात भाला धरून डाव्या हाताने घोडा फिरवत. पोलोत आजही खोगीर इंग्लिश आणि लगाम एका हातात असतो. माझे आजोबा घोडा शिकवणाऱ्याला चाबुकस्वार म्हणत आणि चांगल्या चाबुकस्वाराचा चाबूक कधी वाजत नाही असं सांगत. भाच्याचा घोडा पोलोतून आलेला असेल तर त्याचं निम्मं काम झालेलं आहे. उड्यांतून किंवा शर्यतीतून आलेला असेल तर वर्ष धरून चालावं. मेजरला चौदा महिने लागले.

पुरवणीत ते आठवड्याचं वाक्य दुरुस्त करावं, अशी विनंती. वाचून कुणी हौसेने लांब दांड्यांचं बिट मागवलं तर दुखणार घोड्याला आहे, आणि त्याला तक्रार करता येत नाही.

भाच्याला मी लिहिलं आहे की खोगीर एवढ्यात घेऊ नकोस. मऊ तार घोड्याच्या उंचवट्यामागे पाठीवर आडवी वाकव, ती कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ काढ आणि मला पाठव. परवा त्याची रेघ आली. पाठ अरुंद आहे, मेजरसारखीच.

आपली नियमित वाचक,
डेंटन, टेक्सास (मूळ गाव फलटण)