प्रत्येक फ्लॅटचे पाणी एका जागी बंद करता यायला हवे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की नागपुरातील कितीतरी घरांना कुलूप लागते. कोणी गावाकडे जातो, कोणी पुण्या-मुंबईला मुलांकडे. निघताना गॅसचा रेग्युलेटर दोनदा तपासला जातो, मेन स्विच खाली केला जातो. पाणी मात्र कोणी बंद करून जात नाही, कारण बहुतेक फ्लॅटमध्ये संपूर्ण घराचे पाणी बंद होईल असा एकच व्हॉल्व्ह नसतोच. गळती होताच पाणी आपोआप तोडणाऱ्या व्हॉल्व्हची चौकशी आता लोक करू लागले आहेत. ही सोय घ्यावी, असेच माझे मत आहे. परंतु आपल्या इमारतींतील नळजोडणी कशी असते हे न पाहता ती बसवली, तर खर्च होऊनही घर सुरक्षित होणार नाही, हे मला काळजीने सांगावेसे वाटते.

अपार्टमेंटच्या संघटनेचे काम पाहत असताना मी एक प्रसंग जवळून पाहिला. दुसऱ्या मजल्यावरील कुटुंब बाहेरगावी गेलेले असताना त्यांच्या संडासातील जेट स्प्रेची नळी फुटली. नळीच्या मुळाशी असलेला अँगल कॉक, म्हणजे पाणी बंद करण्याचा छोटा नळ, उघडाच असल्याने त्या नळीवर टाकीचा दाब रात्रंदिवस होता. अशा अर्धा इंची नळीतून मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी सहज जाते, म्हणजे हजार लिटरची टाकी पावणेदोन तासांच्या आत रिकामी होते. इथे तर तेवढ्यावरही थांबले नाही. गच्चीवरची टाकी उतरली की पंप आपोआप सुरू होण्याची व्यवस्था होती, त्यामुळे पंप जमिनीखालच्या टाकीतले पाणी वर चढवत राहिला आणि ते पाणी त्याच नळीवाटे घरात येत राहिले. पंप थांबतच नाही, हे चौकीदाराच्या लक्षात आले म्हणून शोध सुरू झाला. तोवर खालच्या घराच्या हॉलमधील पीओपीचे छत फुगून खाली आले होते आणि पंख्याच्या हुकापाशी पाणी टपकत होते. गच्चीवर गेलो तर टाकीखाली चाक फिरवून बंद करायच्या गेट व्हॉल्व्हची रांग. कोणता कोणत्या घराचा, याची कुठे नोंद नाही, आणि क्षार बसल्यामुळे निम्म्यांची चाके फिरेनात. शेवटी सगळ्या इमारतीचे पाणी बंद करावे लागले.

या प्रसंगात आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असता तर काय झाले असते, याचा विचार करताना त्याचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. पहिल्या प्रकारात जमिनीवर छोटे सेन्सर ठेवतात. त्यांच्या तळाला धातूची दोन टोके असतात. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असल्याने पाणी साचले की त्या टोकांमधून सूक्ष्म वीजप्रवाह जातो आणि व्हॉल्व्हला बंद होण्याचा इशारा मिळतो. दुसऱ्या प्रकारात पाइपातच प्रवाह मोजणारे यंत्र असते आणि ठरवून दिलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ पाणी अखंड वाहत राहिले, तर ते पाणी तोडते. परदेशात, जिथे स्नानगृहाची जमीन कोरडी असते, तिथे पहिला प्रकार घरभर चालतो. आपली न्हाणी रोजच ओली होते, त्यामुळे तिथे ठेवलेला सेन्सर दर सकाळी घराचे पाणी बंद करील आणि आठवड्याभरात घरातले कोणीतरी तो काढून टाकील. जिथली जमीन एरवी कोरडीच असायला हवी अशाच जागा त्यासाठी निवडाव्यात: स्वयंपाकघरातील सिंकखालचे कपाट, आरओच्या खालचा ओटा, हॉलला लागून असलेले वॉशबेसिन. न्हाणी-संडासासाठी प्रवाहाची वेळ मोजणारा प्रकारच उपयोगी आहे.

त्यातही नागपूरचा कूलर लक्षात ठेवला पाहिजे. मोठ्या कूलरची टाकी नळी लावून भरायची तर पाणी बराच वेळ सलग वाहते, आणि मे महिन्यात हे काम दिवसातून एकापेक्षा अधिक वेळाही करावे लागते. कंपनीने ठरवून दिलेली मर्यादा तशीच ठेवली तर ऐन दुपारी पाणी तुटेल. म्हणून घरात माणसे असतानाची मर्यादा सैल आणि बाहेरगावी जातानाची अगदी कडक, अशा दोन मर्यादा ठरवता येतील असेच यंत्र घ्यावे.

व्हॉल्व्ह निवडताना होणारी चूक याहून महागात पडते. दुकानात स्वस्त म्हणून बहुधा सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडमीट होणारा, व्हॉल्व्ह पुढे केला जातो. यातील बरेच व्हॉल्व्ह नीट उघडण्यासाठी पाण्याला किमान दाब लागतो. आपल्याकडे पाणी गच्चीवरच्या टाकीतून उतरते, आणि दर मीटर उंचीला साधारण ०.१ बार (बार हे दाबाचे एकक) एवढाच दाब मिळतो. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर तीन मीटरची उंची धरली तर तो ०.३ बार भरतो. तेवढ्यावर असा व्हॉल्व्ह अर्धवट उघडून शॉवरची धार बारीक होऊ शकते. शिवाय वीज असेपर्यंतच उघडा राहणारा सोलेनॉइड घेतला तर वादळी पावसात वीज गेली की घराचे पाणीही जाते. त्याऐवजी मोटरने फिरणारा, पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह घ्यावा, म्हणजे ज्याच्या आतल्या फिरत्या गोळ्याचे भोक पाइपाएवढेच असते असा. तो दाब अडवत नाही आणि वीज गेल्यास आहे त्या स्थितीत राहतो. वीज नसतानाही तो बंद व्हावा यासाठी बॅटरीचा आधार असावा, आणि हाताने फिरवता येईल अशी दांडी त्यावर असलीच पाहिजे. ज्यांच्याकडे बोअरचे जड पाणी आहे त्यांनी तो महिन्यातून एकदा बंद करून उघडावा, नाहीतर क्षार बसून तो गरजेच्या वेळी अडकेल. आमच्या गच्चीवरच्या गेट व्हॉल्व्हचे तेच झाले होते.

या यंत्राची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. भिंतीतील सांध्यातून थेंब थेंब झिरपणारे पाणी प्रवाह मोजणाऱ्या साध्या यंत्राच्या लक्षात येत नाही, कारण एवढ्या मंद प्रवाहाने त्याचे चक्र फिरतच नाही. ओल धरलेल्या स्लॅबमधील सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा घेतो आणि काँक्रीटचे पोपडे सुटू लागतात. ज्यांच्याकडे स्वतंत्र मीटर आहे त्यांनी टाक्या भरल्यावर वापर थांबवून रात्री आकडा लिहून ठेवावा व सकाळी ताडून पाहावा. पण मीटर टाकीच्या आधी असतो. टाकीच्या पुढची गळती तपासायची तर पंप बंद ठेवून टाकीतील पातळीची खूण करावी लागते.

आता मूळ अडचणीकडे येतो. स्वतंत्र घरात गच्चीवरच्या टाकीतून निघणाऱ्या पाइपवर असा व्हॉल्व्ह बसवणे सोपे आहे. फ्लॅटमध्ये मात्र स्वयंपाकघराचे पाणी एका डक्टमधून (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून), एका न्हाणीचे दुसऱ्या आणि दुसऱ्या न्हाणीचे तिसऱ्या डक्टमधून उतरते. एकाच घराला तीन-चार ठिकाणांहून पाणी मिळत असेल तर एक व्हॉल्व्ह घेऊन एकच खोली राखली जाते. प्रत्येक फाट्यावर वेगळे यंत्र बसवणे मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडणारे नाही. पंप आपोआप चालू होत असेल तर घरातील सेन्सरचा इशारा पंपालाही मिळायला हवा, अन्यथा व्हॉल्व्हच्या आधीच्या पाइपातून गळती झाली तर पंप पाणी चढवतच राहील.

म्हणून माझी मागणी बांधकाम व्यावसायिकांकडे आणि महापालिकेच्या नगररचना विभागाकडे आहे. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत पावसाच्या पाण्याच्या संधारणाची तरतूद आहे. तशीच आणखी एक साधी अट घालावी. प्रत्येक फ्लॅटला पाणी एकाच पाइपने यावे, तो दाराजवळ हात पोहोचेल अशा उंचीवर असावा, त्यावर बॉल व्हॉल्व्ह असावा आणि पुढे स्वयंचलित व्हॉल्व्ह बसवण्याइतकी जागा व विजेचा पॉइंट ठेवावा. भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी हे तपासावे आणि नळजोडणीचा नकाशा फ्लॅटधारकाला चावीबरोबर द्यावा. बांधकाम चालू असताना याला लागणारा खर्च नगण्य आहे. टाइल्स बसल्यावर तेच काम भिंत फोडून करावे लागते.

जुन्या इमारतींनी यासाठी कोणाची वाट पाहू नये. गच्चीवरील प्रत्येक व्हॉल्व्हवर फ्लॅटचा क्रमांक रंगवावा, अडकलेले गेट व्हॉल्व्ह काढून बॉल व्हॉल्व्ह लावावेत आणि पंपाला कमाल वेळेचा टायमर जोडावा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार न्हाणी, संडास व सिंकमधून होणाऱ्या गळतीचा खर्च सभासदावर येतो, हे शेजाऱ्याचे छत कोसळल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. २०२१ पासून लागू असलेल्या भारत गृह रक्षा या प्रमाणित विमा पॉलिसीत पाण्याच्या टाक्या व पाइप फुटून होणारे नुकसान येते, तेही पाहून ठेवावे.

नवेगाव खैरीच्या जलाशयातून आणलेले आणि गोरेवाड्याला शुद्ध केलेले पाणी कुलूपबंद घरात रात्रभर वाहून जाते, तेव्हा एका घराच्या फर्निचरपलीकडचे नुकसान होते. आयटीआयमधील प्लंबरच्या अभ्यासक्रमात अशा व्हॉल्व्हची जोडणी प्रात्यक्षिकासह शिकवावी, अशी विनंती मी या पत्राद्वारे संबंधितांना करतो. यंत्रे इतवारीच्या बाजारात मिळतील. पण आज ती कमी दाबाच्या लाइनवर नीट बसवून देणारा कारागीर शोधावा लागतो.

आपला,
एक वाचक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर