काळजी वापरा!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अग्रलेखात तुम्ही अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची पाठ थोपटलीत. एड्सचा निधी गोठवला म्हणून ते सरकारला जाब विचारतात आणि आमची पोरं मात्र मोबाइलमध्ये मुंडी घालून बसतात, म्हणे. मुंडी घालायला त्यांना शिकवलं कुणी, तेवढं लिहायचं राहिलं.

मी तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. प्रजननाचा धडा 'घरी वाचून या' म्हणून सोडायचा, ही तिथली जुनी रीत. २००७ च्या सुरुवातीला मी (आगाऊपणा म्हणा हवं तर) बुटाच्या खोक्याला फट पाडून दहावीच्या वर्गात प्रश्नपेटी ठेवली. नाव लिहायचं नाही, फक्त प्रश्न. चार दिवसांत खोकं भरलं. डास चावून एड्स होतो का, शिंकेतून होतो का, असलेच बरेचसे. त्यांची उत्तरं वर्गातच दिली. एका चिठ्ठीत मात्र होतं, 'काकाला झालाय. आई त्याचं ताट वेगळं ठेवते. मी त्याच्या ताटात जेवलो तर चालतं का?'

हे वर्गात वाचलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावानं काका शोधून काढला असता. कसं सांगावं या विचारात दिवस गेले आणि तेवढ्यात राज्य सरकारनं शाळांतलं लैंगिक शिक्षणच बंद केलं. कारण, संस्कृती! मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, ते खोकं उचला." उचललं. मीच उचललं. 'खुशाल जेव' एवढंच तर सांगायचं होतं. तो पोरगा आता तिशी ओलांडून गेला असेल.

आणि अमेरिकेचं म्हणाल, तर २००३ च्या त्यांच्या एड्सनिधीच्या कायद्यात प्रतिबंधाच्या पैशातला एक तृतीयांश वाटा 'लग्नापर्यंत संयम' शिकवण्यासाठी राखलेला होता. शिवाय निधी हवा तर वेश्याव्यवसायाच्या विरोधात आहोत असं लिहून द्या, ही अट. ज्या बायकांच्या हातून निरोध घरोघर पोचायचा, त्यांच्याच विरोधात सही! आपल्या सांगलीच्या, याच बायकांसोबत काम करणाऱ्या 'संग्राम' संस्थेनं २००५ मध्ये ती सही नाकारली आणि पैशावर पाणी सोडलं. सांगलीच्या वर्तमानपत्राला जाब विचारणारी माणसं शोधायला वॉशिंग्टनला जावं लागतं, याचं नवल वाटलं.

आता आजची तरुणाई. माझी नात इथल्याच एका कॉलेजात आहे. गेल्या १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाला, या मुलींनी पथनाट्य बसवलं होतं. सरांनी आदल्या दिवशी संहिता तपासली आणि 'निरोध' शब्द खोडून 'काळजी' घातला. त्यामुळे संवाद झाला, "प्रत्येक वेळी काळजी वापरा." पोरी स्टेजवरच हसत सुटल्या, त्याबद्दल त्यांनाच बोलणी खावी लागली. १०९७ या एड्स हेल्पलाइनचा फलक गेटवर लावू का, असं विचारलं तर 'त्यापेक्षा लाल फितीची रांगोळी काढा' हे उत्तर. तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे फोटो छापून आला तो त्या रांगोळीचाच, मागे प्राचार्य आणि पाहुणे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली

ता. क. : एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाला 'एड्सग्रस्त' छापणं आता तरी थांबवा, दोन्हींत फरक आहे. अग्रलेखाच्या पाठीमागच्या पानावर 'गुप्तरोगावर शर्तिया इलाज'ची चौकट होती, तीही एकदा डोळ्यांखालून घाला. आणि रविवारची पुरवणी तीन आठवडे आमच्याकडे आलेली नाही. एजंटला सांगून दमले.