मशीनला हात न लावता केलेल्या मदतीबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे लिहून मानतो आहे. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे, कारण आपली चेनसॉ कुणाच्या हाती सोपवावी या विचारात पडलेले माझ्यासारखे आणखी असतील.

तुम्ही माझं मशीन उघडलं नाहीत, एक स्क्रूसुद्धा फिरवला नाहीत. नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही आणि पोर्टची, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या वायू ये-जा करण्याच्या झरोक्याची, कड अंदाजाने घासायची नसते, असं म्हणून सरळ नकार दिलात. पण नुसती बोळवण केली नाहीत. पोर्टिंग, म्हणजे ताकद वाढवायला या पोर्टचा आकार आणि उघडमिटीची वेळ बदलण्याचं काम, कुणाकडून करून घ्यावं हे ओळखायचं कसं, ते मला बसवून समजावलंत. काम करून दिलं असतंत तर माझं एक मशीन सुधारलं असतं. तुम्ही दिलंत ते पुढच्या प्रत्येक मशीनला पुरेल.

मी आलो तेव्हा माझ्या डोक्यात एकच आकडा घोळत होता, तीस टक्के जादा ताकद. एकाने तसं छातीठोकपणे सांगितलं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, ‘तीस टक्के कशाची?’ मला उत्तर देता आलं नाही, आणि गंमत म्हणजे नंतर त्या माणसाला विचारलं तेव्हा त्यालाही देता आलं नाही. लाकडाबाहेर मशीन मिनिटाला चौदा हजार फेऱ्यांवर किंचाळवून दाखवणं सोपं असतं, कार्बोरेटरची हाय सुई, म्हणजे पूर्ण वेगातलं इंधन ठरवणारा स्क्रू, थोडी आवळली की वेग चढतो. बार, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी, लाकडात पूर्ण बुडाल्यावर, साखळीवर भार असताना, नऊ-दहा हजारांच्या पट्ट्यात इंजिन किती तग धरतं ते बघायचं असतं. म्हणून ज्याच्याकडे काम द्यायचं त्याला विचारायचं की फरक मोजणार कसा? उत्तर हवं ते असं: तोच ओंडका, तोच बार, तशीच धार लावलेली तीच साखळी, इंजिन पूर्ण तापलेलं, आणि बदलाच्या आधी व नंतर घड्याळ लावून घेतलेले काप. ‘हातात घेतल्यावर कळेलच’ हे उत्तर नव्हे, असं तुम्ही म्हणाला होतात.

त्याआधी साखळी. मला वाटलं होतं तुम्ही इंजिनापासून सुरुवात कराल, तुम्ही कानस काढलीत. आजच्या साखळीचा मूळ आकार जोसेफ कॉक्स या अमेरिकी लाकूडतोड्याने १९४७ मध्ये बाजारात आणला. खोड पोखरणाऱ्या अळीचा जबडा लाकडाच्या आडव्या, उभ्या कुठल्याही रेषांतून सहज मार्ग काढतो, हे पाहून त्याला तो सुचला होता. त्या दातापुढची बुटकी जीभ, म्हणजे डेप्थ गेज, दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावी लागते. वारंवार धार लावून दात झिजतो, जीभ मात्र तशीच उंच राहते, मग साखळी लाकडात शिरतच नाही. भुश्याऐवजी पीठ पडतं आणि आपण इंजिनाला दोष देतो. चांगला पोर्टिंगवाला आधी साखळी बघतो, हे तुमचं वाक्य मी पुढे चाचणीसारखं वापरलं. बरेच जण तिथेच गळले.

मग स्क्विश. पिस्टन सर्वांत वर आल्यावर त्याच्या माथ्यात आणि सिलिंडरच्या छतात कडेला जी फट राहते, तिच्याबद्दल तुम्ही जितकं बोललात तितकं दुसऱ्या कशाबद्दलच बोलला नाहीत. कारखान्यातून येणाऱ्या मशीनमध्ये ती बरीचशी सैल असते, कारण हजारो नगांपैकी एकाचाही पिस्टन छताला भिडून चालत नाही. ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणली की कॉम्प्रेशन वाढतं, हवा-इंधनाचं मिश्रण मधोमध ढकललं जातं आणि जळण नीट होतं. मोजायची रीतही तुम्ही दाखवलीत. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार सिलिंडरच्या भिंतीपर्यंत सरकवायची, तीही पिस्टनच्या पिनेच्या रेषेत, म्हणजे पिस्टन डुलून माप चुकत नाही. मग क्रँक हाताने फिरवून तार चेपायची आणि मायक्रोमीटरने मोजायची. दोन्ही बाजूंना.

पण सगळ्यात उपयोगी पडलं ते त्यापुढचं. फट कमी करायला बहुतेक जण सिलिंडरखालचं पॅकिंग काढून टाकतात आणि सीलंट लावतात. तसं केलं की अख्खा सिलिंडर खाली बसतो, आणि त्याच्याबरोबर सगळे पोर्टही. म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट उशिरा उघडतो, ताजं मिश्रण पिस्टनच्या वर आणणारा ट्रान्सफरही उशिरा, आणि ते पिस्टनच्या खाली घेणारा, त्याच्या खालच्या कडेने उघडणारा इनटेक मात्र लवकर. ही वेळ पुन्हा जुळवायची की नाही, किती जुळवायची, हे ठरवणं म्हणजे पोर्टिंग. नुसतं भोक मोठं करणं नव्हे. ‘पॅकिंग काढल्यावर एक्झॉस्टची वेळ किती अंशांनी सरकली ते सांगाल का?’ हा प्रश्न तुम्ही मला पाठ करून दिलात. ज्याला येतं तो फ्लायव्हीलला डिग्री व्हील, म्हणजे अंशांच्या खुणांची चकती, लावून मोजतो आणि कागदावर लिहितो. ज्याला येत नाही तो म्हणतो, ‘अनुभव आहे आपल्याला.’

तुम्ही दाखवलेला तो बिघडलेला सिलिंडर माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. आतल्या भिंतीवर ॲल्युमिनियम उघडं नसतं, निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कडक थर असतो. माहले कंपनीने तो १९६७ मध्ये निकासिल या नावाने आणला, मुळात वांकेल, म्हणजे गोल फिरणाऱ्या पिस्टनच्या, इंजिनासाठी. घासण्याचा दगड चुकीच्या दिशेने चालवला की पोर्टच्या कडेचा हा थर उचकटतो, आणि पुढे त्याचे कण रिंग खातात. त्या सिलिंडरात एक्झॉस्ट पोर्ट इतका रुंद केला होता की रिंग फुगून त्यात अडकली आणि तुटली. कडांना बारीक उतार दिलेलाच नव्हता. तुम्ही बोटाचं नख त्या कडेवरून फिरवायला लावलंत, ते अडकलं. तेव्हापासून मी कुणाचंही काम बघायला गेलो की आधी नख फिरवतो. लोक चमत्कारिक नजरेने पाहतात, पाहू देत.

आरशासारखे चमकणारे पोर्ट बघून भुलू नये, हेही तुमचंच. एक्झॉस्ट गुळगुळीत असला तर काजळी कमी धरते, एवढाच त्याचा फायदा. वेळ आणि आकार चुकला असेल तर चमक काय कामाची? रेसच्या मशीनवर लांबलचक फुगीर पाइप बसवतात, त्याबद्दल विचारलं तर तुम्ही हसलात. १९५० च्या दशकात वॉल्टर काडेन यांनी पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या रेसिंग मोटरसायकलींसाठी त्या पाइपचं शास्त्र बसवलं, ते अफाटच आहे. पण दिवसभर झाडात आणि झुडपात घालायच्या मशीनला तो पाइप म्हणजे अडगळ. मला हा मुद्दा पटायला जरा वेळ लागला, खरं तर मनातून अजूनही एक पाइप लावून बघावासा वाटतो.

नव्या मशीनची गोष्ट वेगळी, हे तुम्ही वेळीच सांगितलंत. धूर कमी करण्यासाठी बऱ्याच नव्या इंजिनांमध्ये मिश्रणाच्या पुढे आधी निव्वळ हवा ट्रान्सफरमध्ये शिरते आणि जळालेला वायू बाहेर ढकलते. ती हवा पिस्टनच्या बाजूच्या खाचांतून येते. जुन्या पद्धतीने हात चालवणारा माणूस इथे सगळंच बिघडवू शकतो. म्हणून ‘पोर्टिंग येतं का’ असं न विचारता ‘याच मॉडेलचं किती वेळा केलंय’ असं विचारायचं. एम-ट्रॉनिक किंवा ऑटोट्यून ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असलेलं मशीन स्वतः मिश्रण जुळवतं, पण तेही आपल्या मर्यादेतच, आणि बदलानंतर त्याला नव्याने शिकवावं लागतं. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्याकडून ते करून घेऊ नये.

सायलेन्सरबद्दल तुम्ही दोनच वाक्यं बोललात: तोंड मोठं करायला हरकत नाही, पण ठिणगी अडवणारी जाळी काढणाऱ्याला दाराबाहेर ठेव. आणि तोंड मोठं केलं की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, म्हणून सुई पुन्हा लावायलाच हवी. टू-स्ट्रोकमध्ये तेल इंधनातूनच जातं. इंधन कमी म्हणजे तेलही कमी आणि उष्णता जास्त. मग पिस्टन सीझ व्हायला एक ओंडकासुद्धा पुरतो. पूर्ण रेसवर लाकडाबाहेर इंजिन थोडं अडखळत, घोगरं वाजलं पाहिजे आणि लाकडात शिरताच तो आवाज साफ झाला पाहिजे, हे मला आधी माहीत होतं. पण ठराविक फेऱ्यांवर ठिणगी तोडून वेग रोखणाऱ्या कॉइलवरही तसाच अडखळता आवाज येतो आणि कानाला फसवतो, हे मात्र तुमच्याकडूनच कळलं. मिश्रण पातळ असताना ते बरोबर आहे असं वाटत राहतं! अशा कॉइलच्या मशीनवर टॅकोमीटर, म्हणजे फेऱ्या मोजणारं यंत्र, लावल्याशिवाय सुई फिरवणारा माणूस मी त्या एका वाक्यामुळे टाळला.

आता निवड कशी झाली ते सांगतो. एकाच्या भिंतीवर चमकणारे सिलिंडर टांगलेले होते. त्याने माझं मशीन हातात घेतलं, रेस दिली आणि कधी सोडून जाताय असं विचारलं. बस्स. मी काय कापतो, बार केवढा लावतो, दिवसाचे किती तास वापरतो, यातलं एकही त्याने विचारलं नाही. दुसऱ्याने मात्र इतके प्रश्न विचारले की मला वाटलं याला काम नको आहे. कडक लाकूड की मऊ? मोठा बार लावण्याचा विचार आहे का? इंधन साठवता कशात? मग प्लग काढून कॉम्प्रेशन मोजलं, क्रँककेसला दाब आणि निर्वात दोन्ही देऊन ऑइल सील तपासले आणि फ्लायव्हीलच्या बाजूचं सील गळतंय ते आधी बदलू म्हणाला. गळक्या सीलमधून जादा हवा शिरत असताना पोर्टिंग करणं म्हणजे इंजिन जाळण्याची तयारी. ‘तुमच्या कामाला स्क्विश, थोडी वेळ आणि सायलेन्सर पुरे, एक्झॉस्ट वर चढवणार नाही, कारण खालच्या वेगातला जोर जाईल आणि चढवलेला पोर्ट पुन्हा खाली आणता येत नाही.’ हे ऐकलं तेव्हा तुम्हीच बोलताय असं वाटलं.

काम त्यालाच दिलं. मशीनबरोबर त्याने एक कागद दिला: आधीचं आणि नंतरचं कॉम्प्रेशन, स्क्विश, तिन्ही पोर्टच्या वेळा, भारावरचा वेग आणि कापांची घड्याळी नोंद. तीस टक्के वगैरे काही त्यात नाही. आकडा त्याहून खाली आहे आणि तो मोजलेला आहे. पहिल्या काही टाक्या जाड, म्हणजे जास्त इंधनाच्या, मिश्रणावर चालवून प्लगचा रंग दाखवायला यायचं, ही अटही त्याची. मशीन जाड खोडात आता दबत नाही. आवाज वाढला आहे, म्हणून कानावरची टोपणं बदलली.

एक निरोप. तुम्ही शिकवलेले प्रश्न मी विचारत गेलो तेव्हा शेवटी त्याने मलाच विचारलं की हे कुणाकडून शिकलात. तुमच्याबद्दल सांगितलं. ट्रान्सफरच्या वरच्या कडेला कोन देताना दोन्ही बाजू सारख्या कशा राखायच्या, हे त्याला तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे. घासायचं त्याने, तुम्ही फक्त बघायचं. होकार असेल तर येत्या रविवारी त्याला घेऊन येतो; नसेल तर तेही निःसंकोच कळवा.

आपला,
तुमच्या प्रश्नांवर पास झालेला एक विद्यार्थी