बाबा, ४८च्या नाडीला मी दिलेली शाबासकी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलायला गेलं की बाबा ‘ठीक आहे गं’ म्हणतात आणि आई विषय भाजीवर नेते. म्हणून लिहितेय. चष्मे लावून दोघं एकत्र बसून वाचा.

आधी ठरलेलं सांगते. येत्या शनिवारी सकाळी दहाला हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे, साताऱ्यातच. पुण्याला यायचं नाही, गाडीचा त्रास नाही, दुपारच्या जेवणाला आपण घरी. मी शुक्रवारी रात्री येते आणि पंधरा दिवस तिथूनच काम करते. ऑफिसात सांगून झालंय, रजा मोडत नाही. तुम्हाला न विचारता ठरवलं हे मला कळतंय, बाबा. पण विचारलं असतं तर ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणाला असतात. अण्णांच्या वेळी आपण दिवाळीनंतरच बघितलं होतं.

वटपौर्णिमेला आले तेव्हा ते नाडी मोजणारं घड्याळ मी तुमच्या मनगटावर बांधलं. दुसऱ्याच दिवशी तुम्ही डायरीत लिहिलंत, ‘सकाळी ६, नाडी ४८’, आणि खाली दोन रेघा मारल्यात. मी ओरडले होते, ‘बाबा, हे तर मॅरेथॉन पळणाऱ्यांचे आकडे!’ किती खूश झालात तुम्ही. कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलंत. आणि तेव्हापासून चक्कर आली की मनगटाकडे बघता आणि म्हणता, हृदय तर ठणठणीत आहे. ती शाबासकी माझी होती, बाबा. गेले तीन आठवडे मला त्यामुळे नीट झोप नाही.

मी बोलले ते अर्धंच खरं होतं. मोठ्या माणसाची शांत बसलेली नाडी साधारण ६० ते १०० असते. वर्षानुवर्षं पळणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतं, म्हणून त्याचं ४०-५० ठोक्यांत भागतं. पण तुम्ही रोज अजिंक्यतारा चढून यायचात तेव्हाही तुमची नाडी ६४ होती. जुन्या डायरीत बीपीच्या शेजारी लिहिलेली मी गणपतीत पाहिली. आता तुम्ही बोगद्यापर्यंतसुद्धा जात नाही आणि नाडी ४८. व्यायाम सुटला की ती थोडी वाढते. तुमची उतरली.

आणखी एक, तेव्हा बोलले नाही. गौरी आल्या त्या दिवशी तुम्ही समया काढायला दोनदा माळ्यावर गेलात. खाली येऊन झोपाळ्यावर बसलात तेव्हा चांगली धाप लागली होती. मी शेजारी बसून तुमचा हात हातात घेतला. तुम्हाला वाटलं, लेक लाडात आली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजत होते. ५६. धाप लागलेल्या माणसाची नाडी धावायला हवी, तुमची जागची फारशी हलली नव्हती.

मोजायला तुम्हीच शिकवलंत. मला गोवर आला होता तेव्हा रात्रभर उशाशी बसून, एचएमटीचा सेकंदकाटा बघत. ‘दोन बोटांनी धरायची पमे, अंगठ्याने नाही, अंगठ्याला स्वतःची नाडी असते.’ मी डोळे मिटून पडलेली असायचे, पण तुमची ती दोन बोटं मनगटावर आली की मला बरं वाटायचं. अजूनही वाटतं.

घाबरू नका, कारण अगदी साधं असू शकतं. काचबिंदूसाठी उन्हाळ्यात सुरू झालेले ते टिमोलोलचे थेंब नाकावाटे रक्तात उतरतात आणि हृदयाचे ठोके कमी करतात. तुमची बीपीची मेटोप्रोलॉलही तेच काम करते. डोळ्यांच्या डॉक्टरांना गोळी माहीत होती का, आणि बीपीच्या डॉक्टरांना थेंब? मला शंका आहे. तसं असेल तर औषध बदलून भागेल. नसेल, तर हृदयाला ठोक्याचा इशारा देणारी जागा वयाने दमली असेल. त्यालाही उपाय आहे, गळपट्टीच्या हाडाखाली बसवायचं छोटंसं यंत्र. पण तो पुढचा विषय, तिथवर जावं लागेलच असं नाही. शनिवारी आधी ईसीजी. मग लागलं तर २४ तास छातीवर लावायचं एक छोटं यंत्र. त्या दिवशी अंघोळ चुकेल, पूजा आई करेल, देव समजून घेतील.

आता आई, तू. तू हसू नकोस. तुझी नाडी ७४ असायची, गणपतीत तीन दिवस सकाळी मोजली, ९०च्या खाली आली नाही. शंभराच्या आत आहे म्हणून सोडून द्यायची नाही. एकाच माणसाची एवढी वाढली तर कारण शोधायचं. रक्त कमी असेल, थायरॉइड असेल. किंवा तू रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी पीत नाहीस, आणि बाबांचा श्वास ऐकत जागी राहतेस, तेही असेल. मला माहीत आहे. शनिवारी तुझंही रक्त द्यायचं, हिमोग्लोबिन आणि टीएसएच. पैसे भरलेत, त्यामुळे वाद नको.

तोवर बाबा, गोळी आणि थेंब दोन्ही चालू ठेवायचे. मनाने बंद करायचे नाहीत. ती गोळी एकदम सोडली की बीपी आणि नाडी दोन्ही उसळतात. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर दोन मिनिटं बोट दाबून धरा, म्हणजे औषध कमी उतरतं. अंथरुणातून उठताना आधी काठावर बसा. स्कूटर बंद, पेपर आणायलासुद्धा नाही. माळ्यावर कोणी चढायचं नाही. शुद्ध हरपल्यासारखं झालं किंवा छातीत दुखलं तर शनिवारची वाट बघायची नाही, मला फोन नंतर, आधी १०८.

रागावला असाल तर मी आल्यावर रागवा. तुमची खुर्ची, तुमचा सहाचा चहा, कट्टा, काही हलवायचं नाहीये मला. रोज संध्याकाळी कट्ट्यापर्यंत मी बरोबर येईन, मागे मागे चालेन, मित्रांसमोर हात धरणार नाही.

आई, माझ्यासाठी काही करत बसू नकोस, वरणभात पुरे. औषधांची सगळी पाकिटं आणि थेंबांची बाटली एका पिशवीत घालून दाराशी ठेव, आणि ती हिरवी डायरीही. बाबा, एचएमटीला चावी देऊन ठेवा. हातावरच्या घड्याळावर माझा आता फारसा विश्वास नाही. शनिवारी निघायच्या आधी मला बोटांनी मोजायची आहे.

तुमची,
पमू